दुसरा इंद्रभान

“आजचे तुमी दुसरे,” मेडिकलवाले जहांगीरभाई बिलावर नाव टाकता टाकता म्हणाले, आणि इंद्रभानला आधी वाटलं की रक्त पातळ करायच्या गोळीचं दुसरं गिऱ्हाईक म्हणत असतील. “दुसरा काय?” “इंद्रभान. रुख्मिणी इंद्रभान लिहून राह्यलो ना, तं ध्यानात आलं. सकाळी एक इंद्रभान आल्ते. एवढी वर्सं दुकान चालवून राह्यलो, तुमच्याबिगर या नावाचा माणूस पाह्यला नाई, अन् आज एका दिवसात दोन.” एवढ्यावर ते थांबले असते तर चाललं असतं. पण पाकिटांना रबर लावून होईपर्यंत तोंड चालू ठेवायची त्यांची सवय होती. “सुलतानपूरचे होते. लोणारजवळचं नाई का, ते सुलतानपूर.” जुन्या मीटरच्या पत्र्याच्या पेटीला ओला हात लागला की बोटांच्या टोकांना बारीक झिणझिणी येते आणि माणूस हात झटकून इकडेतिकडे पाहतो, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. इंद्रभानने तसंच इकडेतिकडे पाहिलं. सुलतानपूर हे त्याच्या बायकोचं, रुख्मिणीचं माहेर. पिशवी घेतली, “बरं” म्हणाला, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्याला इतका वैताग आला की रस्ता ओलांडायचा होता हे विसरून तो दुकानाच्याच बाजूने सरळ चालत सुटला.

वैताग जहांगीरभाईंचा नव्हता. त्या दुसऱ्या इंद्रभानचा तर नव्हताच; तो बिचारा आपल्या दुखण्यासाठी किंवा बायकोच्या दुखण्यासाठी एसटीत बसून बुलढाण्याला आला असेल. वैताग याचा होता की ते वाक्य ऐकताक्षणी त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की घरी गेल्यावर हे रुख्मिणीला सांगायचं. गेली छत्तीस वर्षं या असल्या गोष्टी सांगायचं खातं त्या घरात तिच्याकडे होतं आणि त्या उडवून लावायचं त्याच्याकडे. ती भाजी घेऊन आली, दळण घेऊन आली, नुसती ओट्यावरून आत आली तरी तिच्याजवळ काहीतरी असायचंच. “अवो, आता गंमत आइका,” अशी सुरुवात. आपण जिची आठवण काढली तीच बाई रिक्षात शेजारी येऊन बसली. ज्या दिवशी लेकीचा, रुपालीचा, पहिला दात पडला त्याच दिवशी शेजारच्या सोजराबाईंच्या सासूचा शेवटचा पडला. स्वप्नात पांढरी गाय आली आणि सकाळी दारात पांढरी गाय, तीही एका शिंगाची. त्याने तीस वर्षं विजेचे मीटर तपासले होते. चकती फिरते किंवा फिरत नाही. फिरत असली तर कुठेतरी वीज जळते आहे, नसली तर नाही. तिसरं काही नसतं. “गावात गायी किती? त्यातल्या पांढऱ्या किती? अन् तू दार किती वेळा उघडतं?” असं तो विचारायचा, पेपर न हलवता. ती जराही न रागावता म्हणायची, “पन आजच काऊन आली?”

तिचा सगळ्यात आवडता दाखला लग्नातला होता. अंतरपाटाच्या एका बाजूला तिचे मामा, दुसऱ्या बाजूला त्याचे मामा, आणि दोघांच्या अंगात एकाच कापडाचा सदरा. बदामी रंग, त्यावर चॉकलेटी बारीक रेघ. मांडवात हशा पिकला, भटजीसुद्धा मंगलाष्टक मध्येच सोडून हसला. दोघे मामा एकमेकांना आधी कधी भेटलेले नव्हते. रुख्मिणीच्या लेखी तो शिक्का होता. पत्रिका जुळवणाऱ्याने काय जुळवलं असेल नसेल, पण हे वरून जुळवून आलं. इंद्रभान म्हणायचा, “मेहकरात तेव्हा कापडाची दुकानं तीन. तिन्ही दुकानात माल एकाच व्यापाऱ्याचा. बदामी नसता निघाला तं मोरपंखी निघाला असता.” हे त्याने पाहुण्यांसमोर इतक्यांदा म्हटलं होतं की शेवटी शेवटी ती गोष्ट सांगून झाली की स्वतःच त्याच्याकडे हात करायची, आता यायचं ते ऐका म्हणून. एप्रिलचं ऊन वर चढत होतं. खाली मोताळ्याकडे आता भट्टी पेटली असेल, इथे वर निदान वारा होता, कडुलिंबाचा फुलोरा रस्त्याच्या कडेला चाळणीने चाळल्यासारखा पडला होता. त्यावरून चालता चालता इंद्रभानने सवयीने हिशोब सुरू केला. जिल्ह्यात इंद्रभान किती असतील? असतील पन्नास-साठ. आजारी माणूस कुठे येणार? बुलढाण्यालाच. सुलतानपूरला काय इंद्रभान नाव ठेवायला बंदी आहे? झालं. संपलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की “पन आजच काऊन आला?” हेही त्यानेच म्हटलं होतं, अगदी तिच्या सुरात, ‘काऊन’ जरा लांबवून. पाच महिन्यांपासून घरातली दोन्ही माणसं त्यालाच बोलावी लागत होती आणि आता रस्त्यावरही लागायला लागली.

घरी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला दिल्यासारखा. नोव्हेंबरातल्या त्या दुपारी मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू आला, काठी धरून ती न्हाणीपर्यंत जायची, हात अर्धामुर्धा आला, बोलणं आलं नाही. समजत सगळं होतं. डोळ्यांत सगळं जिथल्या तिथे होतं. पण तोंडातून तीन गोष्टी निघायच्या. हाव, नाई, आणि चमचा. पाणी म्हणजे चमचा. पंखा म्हणजे चमचा. रुपालीचा फोटो दाखवला की चमचा, आणि तो शब्द चुकला हे तिला कळायचं, ती डोळे मिटून डाव्या मुठीने मांडीवर मारायची. इंद्रभानलाही ती चमचाच म्हणायची. आजही तो आत आला तशी ती म्हणाली, “चमचा,” म्हणजे आलात, किंवा उशीर झाला, किंवा ऊन लागलं का. त्याने गोळ्या फडताळात ठेवल्या. सांगावं की नाही? छत्तीस वर्षं ज्याला थोतांड म्हटलं ते आता स्वतः घेऊन जायचं, आणि तेही ती उलट बोलू शकत नाही अशा वेळी, यात त्याला काहीतरी चोरटं वाटलं. त्याने भात कुस्करून वरण कालवलं, तिच्या डाव्या हातात खराखुरा चमचा दिला, आणि दोघं जेवायला बसली. मध्येच पुण्याहून रुपालीचा फोन आला. व्यायाम घेता ना, गोळ्या चुकत नाहीत ना, हे झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही पॉझिटिव्ह राहा हं. काहीही उगाच होत नसतं. युनिव्हर्स आपल्याला काहीतरी सांगत असतं.” “त्या युनिव्हर्सले म्हन, आधी तुह्या आईशी बोल,” इंद्रभान म्हणाला. “अन् तिचं ऐकाले थोडा वेळ थांब.” रुपाली हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही नीट जेवता ना?” त्याला स्वतःचीच चीड आली. फोन ठेवला तेव्हा रुख्मिणी त्याच्याकडे पाहत होती. तिच्या ओठाचा डावा कोपरा हलला होता. हसली होती की उजवा कोपरा हलत नाही म्हणून तसं दिसलं, ते त्याला ठरवता आलं नाही.

त्या नोव्हेंबरातल्या दुपारबद्दल तो कोणाशी बोललेला नव्हता. निवृत्त माणसाला नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी तो लागोपाठ तिसऱ्या दिवशी बँकेतल्या रांगेत उभा राहिला होता आणि तिथल्या यंत्राने तिसऱ्यांदा त्याचा अंगठा घेतला नव्हता. तीस वर्षं तारा सोलून, स्क्रू पिळून अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या होत्या. “काका, उद्या या, क्रीम लावून या,” असं त्या काउंटरवरच्या मुलीने म्हटलं होतं. अडीच वाजता तो तापलेला घरी आला. रुख्मिणी खाली बसून मेथी निवडत होती. त्याला पाहून तिने हात झटकले, तिचा चेहरा असा उजळला की काहीतरी आहे हे चप्पल काढतानाच त्याला कळलं. “अवो, आइका ना, काय गंमत झाली आज...” “पुरे कर वं तुह्या गमती,” तो म्हणाला. “तोंड बंद ठेव थोडं.” तो इतका मोठ्याने बोलला की सोजराबाईंच्या घरातला टीव्ही क्षणभर हळू झाल्यासारखा वाटला. ती “बरं” म्हणाली. राग नाही, रडू नाही, पुन्हा मेथी. जेवताना विचारलं, मीठ कमी आहे का. त्याने नुसती मान हलवली, आणि आता त्याला आठवायचं की मीठ खरंच कमी होतं. चार वाजता ती गॅसपुढे उभी होती, चहाचं आधण उतू जात होतं, आणि ती त्याच्याकडे वळून तोंड उघडून उभी राहिली, त्यातून काही येईना.

तोंड बंद ठेव, आणि तोंड बंद झालं. अडीच ते चार. जगातला कोणताही योगायोग तो खोडून काढू शकत होता, हा एक नाही. रात्रंदिवस त्याने या योगायोगालाही तेच प्रश्न घालून पाहिले. छत्तीस वर्षांत तू तिला गप्प बस किती वेळा म्हणालास? शंभर वेळा, दोनशे वेळा. मग एवढ्यांदा काही झालं नाही, एकदा झालं, तर त्यात नवल काय? हिशोब चोख होता. पण कागदावरचा हिशोब चोख आणि घरात अंधार, असे मीटर त्याने नोकरीत पाहिले होते. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती जास्त वाईट. ती काय सांगणार होती? हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर फाइलवरून मान न उचलता म्हणाला होता, दोन-तीन तास आधी आणलं असतं तर फरक पडला असता. बोटांना मुंग्या आल्या, पातेलं हातातून निसटलं, समोरचं क्षणभर दोन-दोन दिसलं, असं काही झालेलं असेल तर ती ते कसं सांगणार? गंमत म्हणूनच सांगणार. काय गंमत झाली आज, सोजराबाईच्या हातून ताट पडलं अन् त्याच वक्ती माह्या हातून वाटी. तिला दुखणंसुद्धा एकटं कधी आलं नाही, दुसऱ्या कोणाशी जुळूनच यायचं. तो ऐकता तर त्या वाटीवर त्याचं लक्ष गेलं असतं. की नसतं? की तो म्हणाला असता, घरोघरी रोज भांडी पडतात?

तीन वाजता नाजिश आली. ही वाचा सुधारायला शिकवणारी मुलगी, तिशीची असेल, स्कूटरवर यायची, आठवड्यातून दोनदा, खांद्याला चित्रांच्या पत्त्यांची पिशवी. चहाच्या कपाचं चित्र, गायीचं चित्र, घराचं चित्र. तिच्याजवळ धीर होता आणि धीर दाखवायची पद्धत नव्हती, म्हणून इंद्रभानला ती आवडायची. आज दाराशीच त्याच्या तोंडून निघून गेलं, “तुमचं गाव कोनतं म्हनले होते? सुलतानपूर तं नाई?” “नाही काका, मोताळ्याची मी. काऊन?” “काही नाई,” तो म्हणाला, आणि त्याला चक्क निराश वाटलं. एक क्षणभर त्याने खरोखर आशा केली होती! तीन धागे एका दिवसात जुळले असते, तर निदान म्हणता आलं असतं की काहीतरी आहे, कुठेतरी चकती फिरते आहे. तो स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा पुसत राहिला. बाहेर नाजिशचा आवाज येत होता, “हे काय आहे, मावशी? च... हा...” आणि रुख्मिणी मन लावून, प्रत्येक वेळी नव्याने, “चमचा.” “चहा.” “चमचा.” मूठ मांडीवर आपटल्याचा आवाज. “राहू द्या, राहू द्या. पाणी प्या. परत करू.” ओटा पुसता पुसता त्याला नोकरीतलं वडनेर भोलजी आठवलं; तिथे एकदा तो दोन भावांचे मीटर बघायला गेला होता. भावांचं बोलणं बंद, घराच्या मधोमध भिंत घातलेली, दोन दारं, दोन मीटर, आणि त्या दिवशी दोन्ही मीटरवर एकच आकडा. शेवटचा अंकसुद्धा तोच. कोणाला सांगणार? रात्री जेवताना रुख्मिणीला सांगितलं, तेही मीटर खराब नाहीत ना म्हणून परत तपासावे लागले या वैतागाने. ती घास हातात धरून बसून राहिली. “तुमी त्याइले सांगतलं नाई?” “काय सांगू? तुमची वीज सारखीच जळते?” “तेच सांगाचं होतं,” ती म्हणाली. पुढे कित्येक वर्षं वडनेरचं नाव निघालं की ती विचारायची, ते भाऊ बोलाले लागले का हो. त्याला कधीच माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

नाजिशला सोडायला तो फाटकापर्यंत गेला. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती तेवढ्यात तो म्हणाला, “मॅडम, एक सांगाचं होतं. त्या दिवशी मी तिले तोंड बंद ठेव म्हनलो होतो. लय जोरात. अन् दीड घंट्यात हे झालं.” नाजिशने पट्टा सोडला. तो पुढे बोलतच राहिला, मेथी, अंगठा, अडीच वाजता, चार वाजता. ती ऐकत होती, आणि तिच्या कपाळावर हळूहळू आठी चढली. “काका,” ती म्हणाली, “तुमच्या शब्दात एवढी ताकद आहे ना? मग आत जा अन् त्यांच्या कानात ‘बोल’ म्हणा. घ्या, आत्ता म्हणा. माझं कामच संपलं.” तिनेच पुढे विचारलं, “म्हणून पाह्यलं असेल ना तुम्ही? शंभर वेळा म्हटलं असेल. तोंड बंद म्हटल्यानं वाचा जाते अन् बोल म्हटल्यानं येत नाही, असं कुठं असते? गाठ तुमचं ऐकून आली नाही. ती येणारच होती.” मग थोडी नरमून, “उगाच डोक्यात घेऊन बसू नका. त्यापेक्षा त्यांच्याशी बोलत जा. तुम्ही घरात बोलतच नाही, मी पाह्यते ना. पत्ते मी आणते, पण पत्त्यांनी काय होते? ज्याची त्यांना ओढ वाटेल असं काही बोला.” स्कूटर गेली. इंद्रभान फाटकाची कडी हातात धरून उभा राहिला. उत्तर बरोबर होतं, एकही फट नव्हती त्यात, त्याने स्वतः दुसऱ्या कोणाला हेच उत्तर याच आवाजात दिलं असतं. आणि ते किती कोरडं लागतं घशाखाली उतरताना, हे त्याला आज त्रेसष्टाव्या वर्षी कळत होतं. असं उत्तर तिने छत्तीस वर्षं खाल्लं आणि वर हसून म्हणाली, पन आजच काऊन?

तो आत आला, स्टूल ओढून तिच्या समोर बसला. “त्या दिवशी,” तो म्हणाला, “म्या तुह्यावर आरडलो. मेथीच्या दिवशी. आठवते?” “हाव.” “तू काय सांगत होती?” ती त्याच्याकडे पाहत राहिली. “गंमत झाली म्हनली होती. काय गंमत?” तिने तोंड उघडलं. डावा हात उचलून हवेत एक गोल काढला. “चमचा...” “भाकर? बांगडी? गाडीचं चाक?” “नाई, नाई.” “सोजराबाईचं काही?” “नाई.” “रुपालीचा फोन आल्ता?” “नाई.” “तुह्या हाताले काही झालं होतं? मुंग्या? हातातून काही पडलं होतं?” हे विचारताना त्याचा आवाज बदलला, आणि तिनेही ते ओळखलं, कारण हात हवेतच थांबला. “नाई,” ती म्हणाली. पण नाई म्हणजे पडलं नव्हतं, की नाई म्हणजे ते नाही, की तुम्ही चुकताय, की विचारू नका? “नाई म्हंजे? पडलं नाई?” “नाई.” “मंग पडलं?” “नाई!” “अवं मंग कशाले तरी हाव म्हन!” तो ओरडला. ती मात्र घाबरली नाही. उलट तीच भडकली होती, मूठ मांडीवर आपटत होती, आणि तिच्या डोळ्यांत सरळ सरळ लिहिलेलं होतं की या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. त्याने श्वास घेतला. “सांगाचं नाई तुले?” “नाई.” मग त्याला सुचलं ते इतकं साधं होतं की त्याने ते जवळजवळ विचारलंच नसतं. “तुले आठवत नाई?” तिची मूठ सुटली. तिने खाली पाहिलं, लाजल्यासारखं, पाहुण्यांसमोर साखर संपल्याचं कळावं तसं. “हाव,” ती म्हणाली.

पाच महिने. पाच महिने तो ज्याच्यापायी झोपला नव्हता ते तिला आठवतही नव्हतं. म्हणजे आता जगात कोणालाच ते माहीत नाही. हातातून वाटी पडली होती की पांढरी गाय आली होती, हे कधीच कळणार नाही. ते पान कोरंच राहणार, आणि त्यावर काय लिहिलं होतं हे ठरवायचा अधिकार त्याला नाही, तिला नाही, त्या फाइलीतून मान न उचलणाऱ्या डॉक्टरला तर नाहीच. हसावं की कपाळ बडवावं? त्याने दोन्ही केलं नाही. बाहेर सोजराबाई वाळत घातलेल्या कुरडया उचलत होत्या, त्यांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू येत होतं. आणि मग, निव्वळ ती शांतता सहन होईना म्हणून, इंद्रभान म्हणाला, “बरं. मंग माही गंमत आइक.” तिने मान वर केली. हे वाक्य या घरात त्याच्या तोंडून कधी निघालेलं नव्हतं आणि ते दोघांनाही परकं लागलं. तो ते वाईटच सांगत गेला. आधी गोळ्या मिळाल्या की नाही हे सांगितलं, मग गर्दी नव्हती हे सांगितलं, मग मुद्द्यावर आला. “तं जहांगीरभाई म्हने, सकाळी एक इंद्रभान येऊन गेला. दुसरा. अन् कुठचा म्हनशील? सुलतानपूरचा.” त्याने वाट पाहिली. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं. ती पुढे सरकली, इतकी की त्याने तिला धरायला हात केला. “सुलतानपूरचा, तुह्या गावचा, अन् नाव इंद्रभान,” तो पुन्हा म्हणाला, आता जरा रंग भरून. ती ओठांची जुळवाजुळव करत होती. खालचा ओठ आत गेला, बाहेर आला. घशात कुठेतरी काहीतरी सरकलं.

“कोन?” रुख्मिणी म्हणाली.

तो बघतच राहिला. तिलाही धक्का बसला असावा, पण ती त्यावर थांबली नाही. “कोन?” तिने पुन्हा विचारलं, या वेळी जोर देऊन, भुवया वर करून, जसं कोणीही कोणालाही विचारतं. “कोन म्हंजे... मले काय माहीत कोन? इंद्रभान.” “कोन?” “आडनाव नाई विचारलं म्या.” तिने डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांत छत्तीस वर्षं होती. माहेरच्या गावचा माणूस गावात येतो, नवऱ्याचं नाव घेऊन येतो, आणि हा गृहस्थ कोण कुठला विचारत नाही, कोणाच्या घरचा, बिमार कोण, काही नाही, पिशवी घेऊन चालू लागतो! “जातो,” इंद्रभान म्हणाला. “जातो वं माय, विचारून येतो. पानी पे तवर.” आणि चपला घालून तो साडेचारच्या उन्हात बाहेर पडला. चालता चालता त्याला कळलं की तो पळतोय.

जहांगीरभाईंच्या दुकानात दोन बायका होत्या. त्या जाईपर्यंत तो काउंटरवरचा खोकल्याच्या औषधाचा खोका उलटासुलटा करत राहिला. “सकाळचा तो सुलतानपूरवाला,” तो म्हणाला, “त्याचं आडनाव काय?” “काऊन हो? काही गडबड?” “गडबड नाई. सांगा ना.” जहांगीरभाईंनी चष्मा लावला, संगणकात सकाळची बिलं वर-खाली केली, थांबले, पुन्हा खाली आले. “अरे,” ते म्हणाले. मग हसले. “माफ करा भाऊ. चंद्रभान हाये हे. इंद्रभान नाई. मले काऊन इंद्रभान वाटलं काय माहीत. चंद्रभान... सुलतानपूर. गाव बराबर हाये.” “चंद्रभान,” इंद्रभान म्हणाला. “हाव. चंद्रभान.” म्हणजे झालंच नव्हतं. सकाळपासून ज्याने त्याला कडुलिंबाखालून घरापर्यंत ढकलत नेलं, बोलायला लावलं, ओरडायला लावलं, ते घडलंच नव्हतं. एका माणसाच्या कानातली चूक होती. छत्तीस वर्षं तो जे म्हणत आला ते आज काउंटरवर, बिलासकट, सिद्ध झालं होतं, आणि परत जाताना त्याला कळेना की आता या विजयाचं करायचं काय. खोटं सांगावं का? इंद्रभानच होता, अमक्याच्या घरचा, तुला नमस्कार सांगितला म्हणून? एक शब्द आला होता तिच्या तोंडात, पाच महिन्यांनी, खराखुरा, जागेवर बसणारा. तो या चंद्रभानाने परत गेला तर? कोपऱ्यावर तो थांबला. रिक्षावाल्याने हॉर्न दिला, त्याने त्याला हातानेच, जा बाबा, जा, केलं. खोटं बोलायची त्याची तयारी होती. फक्त ते त्याला कधी जमलेलं नव्हतं, आणि तिला ते बाहेरच्या फाटकापासून कळलं असतं.

ती दारात उभी होती. काठी एका हातात, खांदा चौकटीला. या पाच महिन्यांत उंबऱ्यापर्यंत ती एकटी कधी आली नव्हती. “आत हो, पडशील,” तो म्हणाला, पण ती हलेना, तिला आधी उत्तर हवं होतं. “चंद्रभान होता तो,” इंद्रभान धापा टाकत म्हणाला. “इंद्रभान नाई. जहांगीरभाईची चूक झाली. काही गंमतगिंमत नव्हती त्यात, रुख्मिणी. नुसताच एक मानूस होता.” त्याने पहिली चप्पल काढली. तिचा चेहरा पडेल म्हणून तो तिच्याकडे न पाहताच दुसऱ्या चपलेतून पाय काढत होता.

“कोन चंद्रभान?” रुख्मिणी म्हणाली.

दोन शब्द. एकाला एक लागून. त्याने वर पाहिलं. तिचा चेहरा पडलेला वगैरे काही नव्हता. तिच्या कपाळावर आठी होती, अगदी नाजिशच्या कपाळावर होती तसली, आणि ती त्याच्याकडे अशी पाहत होती की एवढा मोठा माणूस दुसऱ्यांदा जाऊन आला आणि दुसऱ्यांदाही आडनाव घेऊन आला नाही. नाव जुळलं काय, न जुळलं काय. सुलतानपूरचा माणूस आहे तर तो कोणाचा तरी असेलच की. इंद्रभान काहीतरी बोलणार होता. मीटर, हिशोब, संध्याकाळ होत आली, उद्या सकाळी जाईन, असं काहीतरी. ती वाट बघत होती. त्याने “हे पाहा” म्हणून सुरुवात केली, तोंड मिटलं, आणि काढलेली चप्पल पायाने ओढून पुन्हा घालायला लागला.